अण्णा, तुमचे आभार मानायचे राहून गेलेत

अण्णा, नमस्कार. फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "राहू दे की रे" म्हणून विषयच बदलताय, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. आमच्या खानापूरच्या घरी बाबांच्या भजनी मंडळाचे अभंग टेक्स्ट फाइलमध्ये टाइप करून ठेवलेत, वयस्कर मंडळींना मोठ्या अक्षरातली प्रिंट लागते म्हणून ४० कॉलमला (कॉलम म्हणजे ओळीतली एका अक्षराची जागा) ओळ मोडणारा एक छोटा प्रोग्राम मी सी भाषेत लिहिला होता, टर्मिनलवर चालणारा, युनिक्समधल्या फोल्ड या ओळी मोडणाऱ्या कमांडसारखा. इंग्रजी मजकुराला व्यवस्थित चालायचा, पण मराठीत ओळीच्या शेवटचं अक्षर फुटायचं. कारण मी बाइट (कॉम्प्युटरच्या साठवणीचं छोटं एकक) मोजत होतो आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. नुसतं 'बेळगाव' लिहिलं तरी काना, मात्रा धरून ६ चिन्हं, १८ बाइट. मध्ये स्पेस नसेल तर ४० बाइटांत १३ चिन्हं बसतात आणि चौदाव्याचा एक बाइट वरच्या ओळीत, दोन खालच्या.

मी सरळ ३ ने भागून मोकळा होणार होतो. तुम्ही थांबवलंत. "स्टँडर्डमध्ये काय लिहिलंय ते आधी वाच, मग हात लाव" म्हणालात आणि पॉझिक्स या युनिक्सच्या स्टँडर्डमधलं फोल्डचं पान पाठवलंत. त्यात स्वच्छ लिहिलंय की मोजायचे ते कॉलम, बाइट मोजायचे ते फक्त डॅश बी (-b) हा पर्याय दिला तर, डॅश एस (-s) दिला तर शब्द न फोडता स्पेसवर ओळ मोडायची. टॅब, बॅकस्पेस, कॅरेज रिटर्न आले तर कॉलमचं काय करायचं तेसुद्धा.

मग सेटलोकेल (भाषा ठरवणारं), एमबीआरटूडब्ल्यूसी (बाइटांचं चिन्ह करणारं), डब्ल्यूसीविड्थ (चिन्ह किती कॉलम घेतं ते सांगणारं) ही सीमधली फंक्शनं, हे सगळं तुम्ही रोज रात्री जेवण झाल्यावर फोनवर समजावलंत. मात्रा, उकार यांची रुंदी शून्य येते हे मला तेव्हाच कळलं.

पण खरी गोष्ट त्या शेवटच्या बगची. सगळं नीट झालं आणि तरी मोठ्या फाइलमध्ये मधेच कुठंतरी एखादंच अक्षर बिघडलेलं दिसायचं, दोन रात्री मी वेडा झालो होतो. तुम्ही कोड न बघता विचारलंत, "बफर किती घेतलाईस?" ४०९६, म्हणजे फाइल एका वेळी तेवढे बाइट वाचत होतो. "३ ने भाग बघू." बाकी १ उरते! म्हणजे बफर संपतो तिथं चिन्ह अर्धवट राहून त्याचा एखाददुसरा बाइटच हातात असू शकतो, आणि एमबीआरटूडब्ल्यूसी उणे २ परत देऊन सांगतं की अजून बाइट पाहिजेत, मी मात्र ती चूक समजून ते बाइट टाकून देत होतो. हे असं शिकवणारा माणूस मला कॉलेजात चार वर्षांत भेटला नाही.

आणि तुम्ही गोकाकचे, घरात कन्नड, तरी मराठी अभंगांची फाइल ओळ न ओळ तपासलीत. कन्नडलाही चिन्हामागे ३ बाइटच, म्हणून तुमच्या आईंच्या वचनांची (कन्नड भक्तिरचनांची) फाइलपण त्याच प्रोग्राममधनं काढली, एक अक्षर फुटलं नाही. त्या रात्री मला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही अण्णा.

बाबांनी नवीन प्रिंट चष्मा न लावता वाचली. तुम्हाला आईंना घेऊन जेवायला बोलावलंय, रविवारी याच. बॅकस्पेसची टेस्ट अजून राहिलीय, ती तेव्हा तुमच्यासमोर चालवतो.