सुरी सेकंडची असेल तर तसं लिहा की!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑनलाइन सेलमध्ये काय काय स्वस्त मिळतंय ते परवा आपल्या पेपरात अर्धं पान भरून आलं होतं, त्यात किचनच्या सुऱ्या पण होत्या, म्हणून हे पत्र. मी त्याच सुरीत फसलोय, सेकंडचा, म्हणजे कारखान्यात दोष निघून बाजूला काढलेला माल न सांगता गळ्यात पडला, आणि ते पण शिवाजी उद्यमनगरात तीस वर्षं मशीनवर काढून, म्हणजे लोखंडातलं कळत नाही म्हणायची पण सोय राहिली नाही.

आठ इंची शेफ नाइफ, २,४९९ खोडून ६४९. मिसेस म्हणाली, "अहो, विळी आहे की घरात," पण ऐकतोय कोण. पार्सल आलं तर खोका नाहीच, नुसता बबल रॅप. दिसायला मात्र चकाचक. रविवारी मटणाला कोथिंबीर चिरायला घेतली, चिरून झाल्यावर उचलली तर सगळी माळेसारखी एकमेकाला लटकलेली! मग सुरी खिडकीत नेली, धार पाटावर टेकवली आणि उजेडाकडं बघितलं, तर मुठीच्या बाजूला दोन बोटं जागेत पात्याखालनं उजेड दिसतोय. म्हणजे तिथं ग्राइंडिंग जास्त बसलंय, पातं खाल्लंय. असल्या सुरीला गल्लीत येणाऱ्या धारवाल्याकडनं कितीबी धार लावून घ्या, ती तेवढ्या जागी कापायचीच नाही, सगळी धार लेव्हलला खाली घ्यावी लागते.

एकदा शंका आली की आमच्यासारख्याला गप्प बसवत नाही. शाफ्ट वाकलाय का बघतो तसं एक डोळा मिटून पाठीवरनं बघितलं, टोक डावीकडं गेलेलं. मुठीचा मधला रिवेट, म्हणजे मूठ पक्की करणारा खिळा, वर आलेला, मूठ आणि पोलाद यात नख जाईल एवढी फट आणि पहिल्याच दिवशी त्यात टोमॅटोचा गर बसलेला. आणि खरी गंमत पुढंच, पात्यावर सगळीकडं पॉलिशच्या रेघा उभ्या, पण जिथं कंपनीचा लोगो असतोय तेवढ्याच ठिकाणी आडव्या. घासून काढलाय की राव! म्हणजे कंपनीनं नापास केलेला माल नाव पुसून विकलाय.

आमच्याकडं जॉब, म्हणजे मशीनवर केलेला भाग, रिजेक्ट झाला की त्याला लाल रंगाचा पट्टा मारतात, चुकून चांगल्या लॉटमध्ये जाऊ नये म्हणून. इचलकरंजीत कापड घ्यायला गेला तर व्यापारी आधीच सांगतो, हा माल सेकंडचा आहे, डाग बघून घ्या. सेकंड विकण्यात काय पाप नाही. पॉलिशला चरा असला, मुठीच्या लाकडाला डाग असला तरी कांदा तेवढाच कापतो, मी स्वतः आनंदानं घेईन. पण वाकडं पातं आणि फट असलेली मूठ हे वेगळं, आणि पोलादाला पाणी नीट बसलं नसेल, म्हणजे तापवून-निववून ते नीट कडक केलं नसेल, तर ते फोटोत कशातच दिसायचं नाही, दोन दिवसांत धार गेल्यावरच कळतंय.

मग ऑनलाइन घेताना ओळखायचं कसं, तर मी आता पहिल्यांदा फोटो मोठा करून लोगो बघतो. दोन-तीन फोटोंत सुरी एकाच बाजूनं दाखवली असेल, मूठ आणि पात्याचा जोड कुठंच जवळनं नसेल तर पुढं जायचं. कंपनीच्या फोटोपेक्षा रिव्ह्यूमध्ये लोकांनी टाकलेले फोटो बघा, आणि पाच स्टारवाले सोडून दोन-तीन स्टारवाले वाचा, खरं तिथं असतंय. 'बॉक्सशिवाय', 'वॉरंटी नाही', 'किरकोळ फरक असू शकतो' हे कुठंतरी तळाला बारीक लिहिलेलं असतंय, माझ्या सुरीला पण होतं, मीच वाचलं नाही.

आणि 'जर्मन स्टील' लिहिलंय म्हणून पाघळू नका. तो बहुतेक वेळा १.४११६ हा ग्रेड असतोय, कार्बन अर्धा टक्का, क्रोमियम पंधरा टक्क्यांच्या आसपास, चांगलं पोलाद आहे पण सुरी त्यातनं कुठल्याबी देशात करता येते. जर्मनीत सोलिंगेन या गावाचं नाव तर १९३८ पासून कायद्यानं राखलंय, तिथं न केलेल्या सुरीवर ते टाकता येत नाही. आपल्याकडं पण बनवणारा किंवा आयात करणारा कोण, माल कुठल्या देशाचा, एमआरपी किती, हे वेबसाइटवर दाखवणं बंधनकारक आहे. ती जागा रिकामी दिसली तर मी तरी आता घेत नाही.

विक्रेत्यानं आधी शंभर रुपये परत देतो, सहकार्य करा, असा मेसेज केला. मग मुलीनं शोधून दिलं की २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणं माल सदोष निघाला किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसला तर परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही, आणि तक्रारीची पोच ४८ तासांत, निवारण महिन्यात व्हायला पाहिजे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला, खिडकीतल्या उजेडाचे फोटो पाठवले आणि बाराव्या दिवशी पैसे परत आले. सुरी तुमच्याकडंच ठेवा म्हणाले, न्यायला कोण आलंच नाही.

आपल्याला एवढीच विनंती, पुढच्या सेलचं पान छापाल तेव्हा किमतीशेजारी माल फर्स्टचा की सेकंडचा तेवढं विक्रेत्याला विचारून छापा, उत्तर दिलं नाही तर 'उत्तर दिलं नाही' असं छापा. आमच्या सुरीच्या मुठीला मी लाल ऑइल पेंटचा पट्टा मारलाय आणि ती दुधाच्या पिशव्या कापायला ठेवलीय. कोथिंबीर परत विळीवर गेली, आणि मिसेस त्यावर काय बोलली ते छापण्यासारखं नाही.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर