खिडकीला ओढणी बांधणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

काल आई आजारपणानंतर पहिल्यांदा वावराच्या धुऱ्यापर्यंत, बांधापर्यंत चालत गेली आणि परत येऊन तिने स्वतः चहा ठेवला. तो कप हातात घेताना मला रडू आलं. म्हणून हे पत्र.

आम्ही तुम्हाला आठवणारही नाही कदाचित. सप्टेंबरातली दुपार होती, ओपीडी संपत आली होती. आईच्या तापाचा नववा दिवस. मी आणि काकांनी तिला दोन्हीकडून धरून आणलं होतं. डोळे लाल, डोकं फुटतंय म्हणून कण्हत होती, धापही लागायला लागली होती. टेबलावर तुमचा डबा उघडा होता, तो तुम्ही झाकून बाजूला सारलात.

त्याआधी आमचे दोन दवाखाने झाले होते. पहिल्या ठिकाणी व्हायरल म्हणून सलाईन लावलं. दुसऱ्या ठिकाणी मलेरिया, डेंग्यू दोन्ही निगेटिव्ह आले, तेव्हा टायफॉइड धरून चार दिवस इंजेक्शनं दिली. निदान चुकू शकतं, त्याचा राग नाही. राग याचा आहे की त्या आठ दिवसांत सुईपुरता दंड सोडला तर आईच्या अंगाला कुणी हात लावला नाही. रिपोर्ट पाहिले, आईकडे पाहिलं नाही. 2018च्या पावसाळ्यात नागपुरात आणि आसपास स्क्रब टायफसने, गवतातला किडा चावून येणाऱ्या तापाने, माणसं गेली, पेपरात रोज तेच होतं. मग निंदणाला जाणारी बाई तापाने फणफणत समोर पडलेली असताना इथल्याच डॉक्टरांना ते आठवू नये?

तुम्ही फाइल उघडायच्या आधी आईला विचारलंत, "मावशी, वावरात जेवायला कुठं बसता?"

"धुऱ्यावर, गवतात."

लगेच तुम्ही आम्हा दोघांना बाहेर जायला सांगितलंत. त्या खोलीच्या खिडकीला पडदा नाही आणि खिडकीपलीकडेच पेशंटांची रांग. आम्हाला आत बोलावलंत तेव्हा खिडकीच्या गजांना तुमची निळी ओढणी बांधलेली होती, दोन्ही टोकांना घट्ट गाठी मारून. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती, पण चेहऱ्यावर संकोच नव्हता. परकराच्या नाडीखाली, कमरेच्या वळीत, विडीचा चटका बसावा तशी काळी खपली तुम्हाला सापडली होती. आईला ती आठवडाभर ठाऊक होती. दुखत नव्हती, खाजत नव्हती. नाडी घासली असेल असं तिला वाटलं. आणि पोराला ती जागा दाखवणार कशी? ती ओढणी बांधली नसती, तर आईने तुम्हालाही पाहू दिलं नसतं. मला हे पक्कं माहीत आहे.

मग तुम्ही समजावून सांगितलंत, हा स्क्रब टायफसच. शेतातल्या उंदरा-चिचुंद्र्यांच्या अंगावर जगणारी चिगर नावाची बारीक अळी गवतातून माणसाला चावते. चावल्याचं कळतही नाही, आणि आठ-दहा दिवसांनी ताप भरतो. तिचा जंतू आपल्या पेशींच्या आत शिरून वाढतो, म्हणून आधीच्या इंजेक्शनांचा काही उपयोग झाला नाही. रक्त तपासायला पाठवलंत, पण रिपोर्टची वाट न पाहता त्याच संध्याकाळी डॉक्सीसायक्लिन सुरू केलंत. इतकं साधं, स्वस्त औषध! दुसऱ्या रात्री आईला दरदरून घाम सुटला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने भाकर मागितली.

गावात हे सगळ्यांना सांगतो आहे. गवतावर बसायचं नाही, कपडे गवतावर वाळत घालायचे नाहीत, वावरातून आल्यावर अंघोळ करून कपडे बदलायचे, ताप आला तर अंगावर काळी खपली आहे का ते पाहायचं. बायका ऐकतात, कारण आई स्वतः सांगते. गोरगरिबाच्या अंगालाही लाज असते, हे ओळखणारी माणसं सरकारी दवाखान्यात आहेत, हेही ती सांगते.

खपली पडली, आता बारीक डाग उरला आहे. आईला मात्र वेगळीच रुखरुख आहे. परवा झोपताना म्हणाली, "त्या पोरीचा डबा तसाच राह्यला होता रे आपल्यापायी. नंतर तरी जेवली असंन का?"

तूर निघाली की आई येणार आहे. तिच्या हातची भाकर आणि झुणका घेऊन, ओपीडीच्याच दिवशी.

तुमचा,
त्या मावशींचा मुलगा