मराठी पालकांनो, गावच्या क्लबात या

महोदय,

2025 च्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये डब्लिनच्या टाला भागात एका भारतीयावर हल्ला झाला. पुढे ऑगस्टमधला 'इंडिया डे' हा इथल्या भारतीयांचा उत्सवसुद्धा लांबणीवर टाकावा लागला. तेव्हापासून इथे राहणाऱ्या मराठी मुलांचे आईवडील तिकडे भारतात धास्तावलेले आहेत आणि त्यांची काळजी रास्तच आहे. पोलिसांनी नि सरकारने त्यांचं काम केलंच पाहिजे. पण इथल्या मराठी कुटुंबांना मला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे : आपल्या गावच्या जीएए क्लबात जा.

जीएए म्हणजे गेलिक ॲथलेटिक असोसिएशन. इंग्रजांच्या खेळांपुढे हर्लिंगसारखे (लाकडी काठीने चेंडू मारायचा खेळ) देशी खेळ मरू नयेत म्हणून मायकल क्युसॅक, मॉरिस डेव्हिन वगैरे मंडळींनी 1 नोव्हेंबर 1884 रोजी थर्ल्स गावातल्या एका हॉटेलात ती स्थापन केली. आज खेडोपाडी तिचे क्लब आहेत. खेळाडू ज्या गावचा, त्या गावाकडून खेळतो, मानधन नाही. जुलैत क्रोक पार्क या जीएएच्या डब्लिनमधल्या मुख्य मैदानावर 82 हजार लोकांसमोर ऑल-आयर्लंड फायनल खेळलेला गडी थोड्याच दिवसांत पुन्हा आपल्या गावच्या जर्सीत दिसतो. डेरी काउंटीतलं स्लॉटनील हे एवढंसं खेडं, पण 2016 मध्ये हर्लिंग, गेलिक फुटबॉल आणि कमोगी (मुलींचं हर्लिंग) या तिन्हींत अल्स्टर प्रांताचं विजेतेपद त्यांनीच नेलं.

माझी मुलगी कमोगी खेळते. पहिल्याच दिवशी एका आजोबांनी तिच्या कमरेला लावून हर्लीची, म्हणजे खेळायच्या काठीची, उंची मापली आणि मुठीवर नवी पट्टी गुंडाळून दिली. जमिनीवरचा चेंडू हाताने उचलायचा नाही, हर्लीच्या पात्यावर घ्यायचा. हे जमेपर्यंत ती अंगणात अंधार पडेस्तोवर खेळत असे. लागेल म्हणून आपले पालक घाबरतात, पण जाळीचं हेल्मेट सक्तीचं आहे आणि लहानांना आधी छोट्या मैदानावर खेळवतात. क्रिकेट सोडा असं मी मुळीच म्हणत नाही.

माझं खरं म्हणणं मोठ्यांसाठी आहे. आपल्यातले बरेच जण मुलाला सोडून गाडीतच बसून राहतात. खाली उतरा. पाण्याच्या बाटल्या भरा, हॉलमध्ये चहा करा, शंकू मांडा. पोलीस पडताळणी आणि छोटा कोर्स केला की मुलांना शिकवताही येतं. हे क्लब घरचं खाऊन राबणाऱ्या माणसांवर चालतात आणि राबणाऱ्याला तिथे परका मानत नाहीत. 2020 साली कोविडमुळे मशिदीत जागा पुरेना, तेव्हा बकरी ईदची नमाज थेट क्रोक पार्कच्या हिरवळीवर झाली.

क्लबात गेल्याने रस्त्यावरचा गुंड थांबणार नाही, हे मला कळतं. पण हल्ल्यांच्या बातम्या आल्या त्या आठवड्यात मुलीच्या प्रशिक्षक बाई सराव संपल्यावर मुद्दाम थांबल्या आणि म्हणाल्या, "रात्री उशिरा बसने येणार असाल तर मला फोन करा, मी न्यायला येते." ही माणसं आम्हाला मैदानावरच भेटली.

सभासद नोंदणी वर्षाच्या सुरुवातीला होते. मात्र मधेच आलेल्या मुलाला परत पाठवल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

— एक वाचक, काउंटी किल्डेअर, आयर्लंड