निळ्या-पिवळ्या माशांची ओळख पटवून दिल्याबद्दल

प्रिय भाऊ,

तोंडी आभार केव्हाच मानून झाले. पण तुम्ही शिकवलेलं नागपुरातल्या इतर मासे पाळणाऱ्यांच्याही कामी यावं, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहोत. दुकानात आफ्रिकन सिक्लिडच्या (आफ्रिकेतल्या सरोवरांमधल्या रंगीत माशांच्या) टाकीवर बहुतेकदा एकच चिठ्ठी असते, ‘मिक्स आफ्रिकन’. नाव लिहिलेलं असलं तरी ते वरून आलेल्या यादीतलं असतं. यादी सोडून माशाकडे बघायची सवय तुम्ही लावलीत.

सगळ्यात मोठा घोळ जोहानी आणि मेंगानो या दोन जातींचा. दोन्ही आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले. दोघांचेही नर गडद निळे, अंगावर फिकट निळे आडवे पट्टे. सुटा नर समोर आला तर जाणकारही अडखळतो. तुमचं म्हणणं असं की नर बाजूला ठेवा, आधी माद्या आणि पिल्लं बघा. जोहानीची पिल्लं आणि माद्या पिवळ्या-केशरी असतात, नर वयात येताना निळा होतो. मेंगानोत नर, मादी, पिल्लू सगळेच निळे. त्यामुळे दोन इंची माशांच्या टाकीत काही पिवळे, काही निळे, काही मधल्याच रंगाचे दिसले तर चिठ्ठीवर मेंगानो असलं तरी घेऊ नये. टाकीतले सगळे मासे निळे असले तरी ते पूर्ण वाढलेले असतील तर थांबावं, कारण जोहानीचे नुसते नर निवडून ठेवलेले असू शकतात. ही पुस्ती फार मोलाची आहे. दोन्ही जाती एकत्र वाढल्या की संकर होतो आणि त्या पिल्लांना कुठलंच नाव लावता येत नाही.

केनयी या मलावीच्याच जातीचं नेमकं उलटं. पिल्लं आणि माद्या निळसर, उभ्या पट्ट्यांच्या, आणि नर पिवळा. हा पिवळा नर यलो लॅब या शांत पिवळ्या जातीचा म्हणून घरी येतो आणि शांत टाकीची वाट लावतो. यलो लॅबच्या पाठीवरच्या परावर काळी पट्टी ठळक असते, ती आधी शोधावी. लॅबच्याच अंगावर पुसट उभे पट्टे दिसले तर झेब्रा या पट्टेवाल्या मलावी माशांच्या गटाशी संकर झाल्याचा संशय घ्यावा.

आफ्रिकेतल्याच टांगानिका सरोवरातल्या ब्रिचार्डी आणि पल्चर या सारख्या दिसणाऱ्या जातींसाठी तुम्ही डोळ्यामागची खूण दाखवलीत. ब्रिचार्डीच्या डोळ्यापासून मागे आडवी काळी रेघ जाते आणि कल्ल्याच्या झाकणावरच्या उभ्या खुणेला मिळून इंग्रजी T अक्षर आडवं पडल्यासारखं दिसतं. पल्चरला तिथे चंद्रकोरीसारख्या दोन उभ्या रेघा. पिकॉक या मलावीच्या भडक रंगाच्या गटातल्या माद्यांबाबत तुमचा सल्ला अगदी कडक: सगळ्या जातींच्या माद्या सारख्याच करड्या दिसतात, म्हणून नर आणि माद्या एकाच खात्रीच्या पिल्लावळीतून घ्याव्यात, नाहीतर नुसते नर पाळावेत. दोन इंचांचे सगळेच्या सगळे पिकॉक भडक रंगाचे असतील तर हार्मोन दिलेले असण्याची शक्यता धरावी. तो रंग पुढे उतरतो.

बाहेरगावाहून मागवताना काय विचारायचं तेही आता पाठ झालंय. व्हिडिओ पांढऱ्या दिव्याखालचा हवा, निळ्या-गुलाबी दिव्याखाली कुठलाही मासा देखणा दिसतो. त्यात आई-बाप दोन्ही दिसायला हवेत. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही रेल्वेमार्ग नागपुरात मिळतात, त्यामुळे मुंबई, कोलकाता, चेन्नई तिन्हीकडून माल येऊ शकतो. पण एप्रिल-मे टाळावा, पारा 45 अंशांना टेकला की फलाटावर तासभर पडलेली पेटीही जीव घेते. निघण्यापूर्वी 24 तास उपास, मोठा मासा असेल तर एका पिशवीत एकच, पिशवी दुहेरी, एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन, वरून थर्माकोलची पेटी.

लांबून आलेल्या पिशवीत तासन्‌तास थेंब-थेंब पाणी सोडू नये, हे तुम्ही कारणासह सांगितलंत म्हणून पटलं. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरलेला असतो, म्हणजे पाणी अधिक आम्लधर्मी झालेलं असतं, त्यामुळे माशाच्या उत्सर्गातून साठलेला अमोनिया फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की तो वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून बंद पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवायची, मग उघडून मासा जाळीने लगेच टाकीत सोडायचा आणि पिशवीतलं पाणी फेकायचं. त्यासाठी वेगळ्या टाकीचं पाणी आधीच जुळवून ठेवायचं, मलावीसाठी पीएच 7.8 ते 8.5. तिथे चार आठवडे ठेवून मगच मोठ्या टाकीत.

नको असलेले संकर मासे फुटाळा किंवा अंबाझरी या नागपुरातल्या तलावांत सोडायचे नाहीत, या तुमच्या आग्रहाबद्दल वेगळे आभार. भारतातले स्वतःचे सिक्लिड तीनच, सगळे दक्षिणेकडचे. बाहेरून आणलेल्या तिलापिया या सिक्लिडने आपल्या तळ्यांतल्या देशी माशांचं काय केलं ते समोर आहे.

मेंगानोची पिल्लं सव्वा इंचाची झाली आहेत. दहा तुमच्यासाठी वेगळी ठेवली आहेत, दिव्याखाली एक-एक तपासून. सगळी निळी.

तुमचे,
नागपुरातले मासेवेडे