निधन वार्तेत राहून गेलेला एक शब्द

महोदय,

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकाच्या निधन वार्ता सदरात आमच्या सरांविषयी चार ओळी आल्या. निवृत्त गणित शिक्षक, वय ७४, अल्पशा आजाराने निधन, पश्चात पत्नी, दोन मुली, जावई, नातवंडे असा परिवार. या ओळी मला एका मावशींनी वाचून दाखवल्या. अक्षरांखाली बोट फिरवत, ‘अल्पशा’पाशी अडखळत, पण शेवटपर्यंत. चार वर्षांपूर्वी त्यांना स्वतःचे नावही वाचता येत नव्हते. त्यांना वाचायला शिकवले सरांनी, आणि तेही वर्तमानपत्राच्या मथळ्यांवरून. म्हणून हे पत्र आपल्यालाच लिहितो आहे.

मी सरांचा शाळेतला विद्यार्थी. गणितात कच्चा. चुकलेल्या गणितावर सर कधी फुली मारत नसत. ज्या पायरीवर गाडी घसरली असेल तिथे लाल पेनाने एक बारीक ठिपका द्यायचे आणि वही परत करायचे. काय चुकले ते आपण शोधायचे. कित्येकदा ठिपका शोधण्याआधीच मला चूक दिसायची. आज हिशेब तपासणे हाच माझा व्यवसाय आहे, आणि हाताखालच्या मुलांच्या कागदांवर मीही ठिपकाच देतो.

निवृत्तीनंतर त्यांनी प्रौढांसाठी संध्याकाळचा वाचनवर्ग सुरू केला. बाराखडी त्यांनी मुद्दामच मागे ठेवली. ‘‘पन्नाशीच्या माणसाला ‘क कमळाचा’ म्हणायला लावलं तर तो दुसऱ्या दिवशी येणार नाही,’’ असे ते म्हणत. आधी विचारायचे, तुम्हाला कोणता शब्द वाचता यायला हवा? मावशींनी सांगितले होते, ‘रिकाम्या पोटी’. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तो शब्द असायचा आणि दर वेळी तो कोणाकडून तरी वाचून घ्यावा लागायचा. पुढचे सगळे धडे त्या दोन शब्दांतून फुटले. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेअरी यांनी १९६३ मध्ये अँजिकोस इथे ३०० मजुरांना त्यांच्याच रोजच्या वापरातल्या शब्दांवरून सुमारे ४० तासांत साक्षर करण्याचा प्रयोग केला होता. सरांना त्याचे फार अप्रूप होते. युनेस्कोच्या आकडेवारीनुसार जगात आजही ७० कोटींहून अधिक प्रौढांना लिहिता-वाचता येत नाही आणि त्यांत जवळपास दोन-तृतीयांश स्त्रिया आहेत. हा आकडा सरांनी वर्गात एकदाच सांगितला. त्यानंतर त्यांचे लक्ष समोर बसलेल्या चौदा जणांवर.

पण मला खरे सांगायचे आहे ते त्यांच्या घराविषयी. समाजकार्य करणाऱ्या माणसाचे घराकडे दुर्लक्ष होणारच, असे आपण किती सहज धरून चालतो! सरांच्या बाबतीत हे साफ खोटे होते. काकूंना अकरा वर्षांपूर्वी अर्धांगवायू झाला, उजवी बाजू गेली. वर्ग सातला सुरू व्हायचा तो एवढ्याचसाठी, की सहाला काकूंचा व्यायाम असे. एका संस्थेने सन्मानाने देऊ केलेले अध्यक्षपदही त्यांनी नाकारले, कारण बैठका नेमक्या त्याच वेळेला होत्या. एकदा वर्गाच्या किल्ल्या न्यायला लवकर गेलो, तर सर काकूंच्या मागे उभे राहून वेणी घालत होते. खडूने भेगाळलेली बोटे, तोंडात रबर, आणि तीन पेड अगदी सारखे. मला म्हणाले, ‘‘थांब जरा, एवढी होऊ दे.’’ वेणी घालायला ते थोरल्या मुलीकडून शिकले होते. त्यांना घाईत पाहिलेले मला आठवत नाही.

सर गेले त्या पहाटे घरच्यांनी त्यांचे नेत्रदान केले. आपल्या चार ओळींत हेच राहून गेले. त्यांनी अर्ज केव्हाच भरला होता, घरच्या डायरीच्या पहिल्या पानावर नेत्रपेढीचा दूरध्वनी क्रमांक लिहिला होता. पण अर्ज कितीही भरलेला असला तरी त्या वेळी नेत्रपेढीला फोन घरच्यांनाच करावा लागतो. धाकटीने तो केला. पंखा बंद केला, डोक्याखाली उशी ठेवली, मिटलेल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवला. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. पथक आले आणि वीसेक मिनिटांत निघालेही. चेहरा होता तसाच शांत. ‘‘चष्म्याचा एवढा नंबर, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली, त्यांचे डोळे चालतात का?’’ असे तिथे जमलेल्यांपैकी तिघांनी तरी मला विचारले. चालतात. बदलला जातो तो फक्त बुबुळावरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया. त्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून सहसा रक्तगटही जुळवावा लागत नाही. एडुआर्ड झिर्म यांनी पहिले यशस्वी कॉर्निया प्रत्यारोपण केले ते १९०५ मध्ये. एवढा काळ लोटला, तरी शिकलीसवरलेली माणसे ऐन वेळी हे प्रश्न विचारतात आणि त्यांत सहा तास निघून जातात.

म्हणून एक विनंती. निधन वार्ता घेताना ‘नेत्रदान केले का?’ एवढा एक प्रश्न आपल्या प्रतिनिधींनी विचारावा आणि उत्तर होकारार्थी असेल तर तो शब्द छापावा. हे सदर घराघरांत रोज वाचले जाते. आज वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी घरी उद्या हीच वेळ येणार असते, आणि तेव्हा कुठेतरी वाचलेला शब्द आठवतो.

वर्ग चालू आहे. मंगळवार-शुक्रवार मी घेतो, इतर दिवशी सरांची धाकटी. काकूही आता व्हीलचेअरवरून येऊन बसतात. मावशींनी आपल्या अंकातले ते कात्रण वर्गाच्या वहीत चिकटवले आहे आणि त्याखाली पेन्सिलीने स्वतःच्या हाताने लिहिले आहे, ‘नेत्रदान’. ‘त्र’ त्यांना तीनदा खोडावा लागला.

आपला,
सरांचा एक विद्यार्थी