दवाखान्याच्या सोनोग्राफीला प्रोब हवाय, हातभार लावा

नमस्कार मंडळी,

आधी आभार, मग मागणं, म्हणजे सोनोग्राफीचा प्रोब (अंगावर फिरवतात तो भाग). पहिलं एक्स-रे मशीन आणलं तेव्हा मार्केट यार्डातल्या हमालांनी एक दिवसाची हमाली दिली होती, भाजीवाल्या मावशींनी पदराची गाठ सोडली होती आणि शाळेतल्या बाईंनी रिटायर झाल्यावर पहिली अख्खी पेन्शन आणून दिली होती. बाई आता नाहीत, पण त्यांच्या नावाची पाटी पुसल्याशिवाय मी दवाखाना उघडत नाही. सोनोग्राफी मशीन दुबईला असलेल्या आपल्या पोरांनी वर्गणी काढून दिलं आणि पीसीपीएनडीटीच्या (गर्भलिंग तपासणी रोखणाऱ्या कायद्याच्या) नोंदणीसाठी डॉक्टरांनी किती खेटे घातले ते सगळ्यांना माहितीये.

आता विषय गाऊटचा, म्हणजे युरिक ॲसिडचे बारीक स्फटिक सांध्यात साठून होणाऱ्या संधिवाताचा. रात्रीत पायाचा अंगठा लालभडक सुजतो, चादर लागली तरी जीव जातो. आपले एसटीतले ड्रायव्हर काका दोन वर्षं हे सोसत होते, कुणी म्हणालं मुरगळलंय, कुणी पू झालाय म्हणून अँटिबायोटिक दिलं, रक्तातलं युरिक ॲसिड तपासलं तर नॉर्मल. ऐन दुखण्यात ते नॉर्मल येऊ शकतं हे आम्हालाही नंतर कळलं. साध्या एक्स-रेत हाड पोखरल्यावरच दिसतं, म्हणजे फार उशिरा. सगळ्यात खात्रीचं म्हणजे सांध्यातलं पाणी सुईने काढून मायक्रोस्कोपखाली युरेटचे (युरिक ॲसिडच्या क्षाराचे) स्फटिक बघायचे, पण बारक्या सांध्यातून पाणी दरवेळी निघत नाही. शेवटी काकांचा पुण्याला ड्युअल एनर्जी सीटी झाला, त्यात दोन वेगवेगळ्या ताकदीच्या एक्स-रेंनी फोटो काढतात त्यामुळे युरेट हाडापासून वेगळं ओळखता येतं, रिपोर्टात हिरवं दिसतं. काकांचा अंगठा हिरवागार होता! गोळ्या चालू झाल्या, आज काका परत स्टिअरिंगवर आहेत.

ते सीटीचं मशीन आपल्या आवाक्यातलं नाही आणि दुखणं नवीन असेल तर त्यातही कधी कधी सुटतं. पण आपल्याच सोनोग्राफीला हाय फ्रिक्वेन्सीचा लिनियर प्रोब (कातडीजवळचं बारीक दाखवणारा) लावला तर सांध्यातल्या कूर्चेवर, हाडाच्या रेघेला समांतर, युरेटची दुसरी पांढरी रेघ दिसते, रेडिएशन नाही, पुण्याची फेरी नाही. अमेरिका-युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१५ साली गाऊटचे जे निकष ठरवले त्यात ही रेघ आणि तो सीटी दोन्ही धरलेत. आपल्याकडे फक्त पोटाचा प्रोब आहे.

गेल्या दिवाळीत हेच मागितलं होतं. ग्रुपवर शंभरेक जणांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले, पैसे नऊ जणांनी दिले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. त्या नऊ जणांचे मात्र मनापासून आभार.

कोटेशन ३ लाख २० हजार, जमलेत १ लाख ४० हजार, मुदत ३० तारखेपर्यंतच. चेक ट्रस्टच्या नावाने, क्यूआर कोड दवाखान्याच्या दारावर, ८०जी (इन्कम टॅक्सची सवलत) हवं असेल तर पॅन द्या, रोख २००० च्या वर दिलीत तर ८०जी मिळत नाही, ऑफिस संध्याकाळी ६ ते ८, गुरुवारी बंद.

आपला,
सेक्रेटरी

ता.क. कुणाच्या ओळखीत आपल्या मशीनला बसणारा वापरलेला प्रोब असेल तरी कळवा, डॉक्टर स्वतः येऊन बघतील.