अल्मेरियाहून पत्र

अल्मेरिया, स्पेन

ती. आप्पा यांस,
शि. सा. नमस्कार.

समुद्र एवढा जवळ असून पाऊस का नाही, असं तुम्ही विचारलं होतंत. कारण डोंगर. इथला पाऊस हिवाळी, अटलांटिककडून म्हणजे पश्चिमेकडून येणारा. सिएरा नेवादाची रांग (सर्वांत उंच शिखर ३,४७९ मीटर) तो अडवते. सह्याद्रीमागे जत, तसं तिच्यामागे अल्मेरिया. वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर, म्हणजे जतच्या निम्माही नाही. पडतो तो कधीकधी शरदात एकदम, आणि मग कोरडे ओढे धावतात. २८ सप्टेंबर २०१२ ला वेरा गावात असाच पूर शिरला. ओढ्याच्या पात्रात गाडी लावायची नाही, हे इथलं पहिलं शहाणपण.

प्रांत आपल्या सांगली जिल्ह्याएवढाच, पावणेनऊ हजार चौरस किलोमीटर. माणसं मात्र साडेसात लाख. १९७० साली याच्या निम्मी होती. डोंगरातली गावं ओस पडली आणि एल एहिदो, रोकेतास ही किनारपट्टीची गावं भरली. मोरोक्को, रोमानिया, सेनेगलहून मजूर आले, ते हरितगृहांमुळे.

ही हरितगृहं तुम्हाला ओळखीची वाटतील. पूर्वी इथे निर्यातीची द्राक्षं मांडवावर घेत. १९६० च्या दशकात त्याच तारांच्या मांडवावर प्लास्टिक चढलं. किनाऱ्यावर जानेवारीतही दुपारी १७ अंश असतात, कडाका पडत नाही, म्हणून शेकोटी-हीटरशिवाय ढोबळी आणि काकडी निघते. लागण ऑगस्टच्या सुमारास. तेव्हा ऊन फार, म्हणून प्लास्टिकवर चुन्यासारखं पांढरं पाणी फवारतात आणि थंडी लागताच धुऊन काढतात. धुवायला उशीर झाला की उजेड कमी पडतो, फुलं गळतात.

खरी अडचण पाण्याची. उपसा इतका झाला की किनाऱ्यालगतच्या विहिरींत समुद्र शिरला. टोमॅटो थोडं खारं पाणी सोसतो, उलट गोडी वाढते. काकडीला ते चालत नाही. म्हणून कार्बोनेरास या किनाऱ्यावरच्या गावी समुद्राचं पाणी गोडं करतात, पण त्याला वीज फार लागते.

तुमच्या खारवट तुकड्यासाठी इथली जमिनीची रीत लिहितो. खाली भारी माती २०-३० सेंटिमीटर, तिच्यावर कुजलेलं शेणखत २-३, वर वाळू १०. वाळूमुळे बाष्पीभवन कमी होतं आणि क्षार वर चढत नाहीत. वाळू भरडच हवी. बारीक वाळूतून ओल आणि मीठ दोन्ही वर येतात. वाळू मातीत मिसळू देऊ नका, नांगर तर अजिबात घालायचा नाही. दर तीन-चार वर्षांनी वाळू बाजूला ओढून नवं खत द्यायचं. आधी दोन गुंठ्यांवर करून बघा.

आईला नमस्कार.

आपला,
बाळू